आजारी बजी, हात झटकणारा दुकानदार आणि पिंजरा उघडायला निघालेले घरमालक

प्रश्न : बेळगावच्या शहापूर भागात मी आणि आई भाड्याच्या घरात राहतो. आमच्याकडे तीन वर्षांपासून सहा बजी होते, ज्यांना सगळे लव्हबर्डच म्हणतात. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका दुकानातून आणखी तीन आणून त्याच पिंजऱ्यात सोडले. पावती मिळाली नाही. फोनवरून पैसे दिल्याची नोंद तेवढी आहे. दहा-बारा दिवसांत नवे पक्षी पिसे फुलवून बसू लागले, विष्ठा हिरवी आणि पातळ झाली, आणि आता नऊपैकी पाच पक्षी मेले आहेत. पशुवैद्यांना सिटाकोसिसचा, म्हणजे पक्ष्यांकडून माणसालाही होणाऱ्या आजाराचा संशय आहे. पिंजऱ्याचे सगळे आईच पाहायची. तिला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात दाखल केले आहे. दुकानदार म्हणतो, ‘जिवंत मालाची गॅरंटी नसते.’ घरमालक म्हणतात, रविवारपर्यंत पक्षी हलवा, नाहीतर मीच पिंजरा उघडतो. आजार कळण्याआधी दोन पिल्ले मी खानापूरच्या मावसभावाला दिली होती. उरलेले पक्षी कुणाला देऊन टाकावेत का? भरपाई मिळेल का, आणि दावा कोल्हापूरला करायचा की बेळगावला?

उत्तर : उरलेले चार पक्षी कोणालाही देऊ नका, विकू नका आणि सोडूनही देऊ नका. जीवाला धोका असणाऱ्या रोगाचा संसर्ग पसरू शकतो हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, निष्काळजीपणे केलेली कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा ठरते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पशुवैद्यांनी संशय बोलून दाखवल्याच्या दिवसापासून ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट आजच करा. घरात आजारी पक्षी आहेत आणि त्यांची निगा आईच राखत होती, हे आईच्या डॉक्टरांना स्पष्टपणे सांगा आणि केसपेपरवर नोंदवून घ्या. सिटाकोसिस हा आजार क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होतो. वाळलेली विष्ठा, पिसांची धूळ आणि नाकातील स्राव यांतून तो माणसाच्या श्वासात जातो, आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात. न्यूमोनियात एरवी दिली जाणारी पेनिसिलिन गटातील औषधे त्यावर नीट लागू पडत नाहीत, डॉक्सिसायक्लिन लागू पडते. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. पण पक्ष्यांची माहिती त्यांना तुमच्याशिवाय कोण देणार? आई रोज सकाळी राळ्याच्या वाटीवर फुंकर मारून टरफले उडवायची का, ट्रेमधला कागद कोरडाच झटकायची का, हेही आठवून सांगा. उपचारासाठी ते उपयोगी आहेच, शिवाय आईचा आजार आणि पिंजरा यांचा संबंध पुढे ग्राहक आयोगासमोर जोडायचा झाल्यास तीच नोंद कामाला येईल. यापुढे ट्रे साफ करताना कागद आधी ओला करा आणि तोंडावर चांगला मास्क बांधा.

आता पुराव्याकडे येतो. तुमचा दावा टिकेल की कोसळेल हे जवळजवळ पूर्णपणे निदानावर अवलंबून आहे, आणि सध्या तुमच्याकडे केवळ संशय आहे. शेवटी मेलेला पक्षी अजून हाताशी असेल, तर तो दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका, आणि विनाविलंब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदनाची लेखी विनंती करा. जिवंत पक्ष्यांचे स्वॅब घेऊन पीसीआर तपासणी करता येते. कर्नाटकात पशुरोगनिदानाचे मोठे काम बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुआरोग्य व पशुवैद्यकीय जैविक संस्थेत चालते, आणि नमुना तेथे कसा पाठवायचा हे दवाखान्यातूनच समजेल. नमुने घेण्याआधी औषध सुरू झाले तर जिवाणू तपासणीत सापडेनासा होऊ शकतो, म्हणून नमुना आधी आणि औषध मागाहून, हा क्रम पशुवैद्यांशी बोलून घ्या. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा मलप्रभेत टाकू नका.

रोग कळवण्याबाबत कायदा काय सांगतो हेही नेमके पाहू. प्राण्यांमधील सांसर्गिक व संक्रामक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पक्ष्यांमधील क्लॅमिडिओसिस, म्हणजे पक्ष्यांतला हाच आजार, आहे. मालकाने असा रोग कळवला पाहिजे आणि आजारी प्राणी वेगळे ठेवले पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे. या कायद्यातील ‘प्राणी’ या व्याख्येत कुक्कुट पक्ष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, बजींचा नाही, आणि इतर पक्षी केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्यात येतात; त्यामुळे तुमच्यावर हे बंधन आहे की नाही, यावर वाद घालता येईल. तो वाद घालू नका. पशुसंगोपन खात्याला लेखी कळवा आणि पोहोच घ्या, कारण उद्या कोणी तुमच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला तर त्या कागदाइतका भक्कम आधार दुसरा नसेल. अर्ज मराठीत केला तरी चालतो: राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र हे काम तातडीचे आहे, म्हणून हक्क सोडून न देता सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे अर्ज टेबलावर अडकून पडणार नाही.

दुकानदाराचे ‘गॅरंटी नसते’ हे म्हणणे कायद्यात टिकणारे नाही. पाळीव पक्षी ही कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ता, म्हणजे मालच आहे. हाच ज्याचा धंदा आहे अशा विक्रेत्याकडून, त्याच्या जाणकारीवर विसंबून पाळण्यासाठी पक्षी घेतला, तर तो त्या कामास योग्य असला पाहिजे, ही अट मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार न बोलताही व्यवहारात असते. ‘तुम्ही बघून घेतले होते’ हा बचावही येथे लंगडा पडतो, कारण हा संसर्ग असलेला पक्षी वरून धडधाकट दिसू शकतो आणि प्रवासाचा किंवा दाटीचा ताण पडला की जिवाणू बाहेर टाकू लागतो. बिल न देणे आणि बिलावर मुदत नसताना सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सांगितल्या आहेत. तुमचे तीस दिवस उलटले नसतील, तर परताव्याची लेखी मागणी आजच पाठवा.

त्याचा खरा बचाव वेगळा असेल: रोग तुमच्या जुन्या पक्ष्यांकडूनच नव्यांना लागला, असे तो म्हणेल, आणि जुना पक्षीही वाहक असू शकतो म्हणून हे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. त्याला उत्तर तारखांनी द्यायचे. जुने सहा पक्षी तीन वर्षे निरोगी होते, नवे कधी आले, आधी कोण आजारी पडले, कोण कधी मेले, याचा तक्ता फोनमधील छायाचित्रे आणि व्हॉट्सॲप संदेशांसह तयार करा. त्याच सुमारास त्याच दुकानातून पक्षी घेतलेले आणखी कोणी भेटले आणि त्यांचेही पक्षी आजारी असले, तर त्यांचे शपथपत्र फार मोलाचे ठरेल. पेट शॉप नियम, २०१८ प्रमाणे अशा दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्या नोंदी हजर करण्याची मागणी दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीतच करा.

दावा बेळगावलाच करा. जुन्या ग्राहक कायद्यात विक्रेत्याच्या गावी जावे लागे, तो त्रास आता राहिलेला नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार चालते, आणि मध्ये राज्याची हद्द आली म्हणून त्यात फरक पडत नाही. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या किमतीवर ठरते, आणि ती पाच लाखांच्या आत असल्याने फीही नाही. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून मराठी कागदांची भाषांतरे जोडा. पक्ष्यांची किंमत आणि पशुवैद्याचा खर्च मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते. दवाखान्याच्या बिलाबाबत तसा शब्द मी देणार नाही: आईचे निदान तपासणीने पक्के झाले आणि पक्ष्यांतही तोच जिवाणू सापडला, तरच ती मागणी उभी राहील. खरेदीदाराच्या संमतीने मालाचा उपयोग करणारी व्यक्तीही ग्राहक असते, म्हणून आईलाही तक्रारदार करा. तुम्ही पिल्ले विकत असाल तर तेही वकिलांपासून लपवू नका, कारण व्यापारासाठी खरेदी केली, हा आक्षेप तेथूनच निघेल.

घरमालकांची भीती मला रास्त वाटते. त्यांच्याही घरात लहान मुले किंवा म्हातारी माणसे असतील. पण पिंजरा उघडण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. पक्षी मारल्यास किंवा जायबंदी केल्यास न्याय संहितेचे कलम ३२५ लागू होते, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि सोडलेले आजारी पक्षी रोग गल्लीभर नेतील ते वेगळेच. तुम्हाला न्यायालयाबाहेर जबरदस्तीने घराबाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. हे सगळे त्यांना धमकीच्या सुरात सांगू नका. पक्षी बंद खोलीत वेगळे ठेवले आहेत, उपचार सुरू आहेत आणि खात्याला कळवले आहे, असे पशुवैद्यांच्या चिठ्ठीसह लिहून द्या. बहुतेक घरमालक एवढ्यावर थांबतात.

मावसभावाला आजच फोन करा आणि तीच माहिती व्हॉट्सॲपवरही पाठवा. पिल्ले देताना तुम्हाला आजाराची कल्पना नव्हती, म्हणून त्यात तुमचा दोष धरता येणार नाही. आता गप्प राहिलात तर मात्र धरता येईल. त्यांनी पिल्ले वेगळी ठेवून खानापूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावीत, आणि घरात कोणाला ताप, डोकेदुखी किंवा कोरडा खोकला असल्यास डॉक्टरांना पिल्लांबद्दल सांगावे.

दुकानदाराला पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टने, पोहोच-पावतीसह पाठवा. ती मराठीत असली तरी चालेल. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असली, तरी नमुने तितके दिवस टिकत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हाती येताच तक्रार दाखल करा.