प्रश्न तुमचे: युजनेटवर आता जाता येतं का?

प्रश्न: माझे मामा 1994 ला अमेरिकेत एमएस करत होते. तेव्हा 'न्यूजग्रुप'वर मराठी लोकांशी गप्पा व्हायच्या असं ते सारखं सांगतात. हे नक्की काय होतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखंच का? आणि आज मला तिथं जायचं असेल तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मामा सांगतात ते युजनेट, म्हणजे वेगवेगळ्या विषयांवर लिहून गप्पा मारायच्या ग्रुपांचं जाळं; त्यातल्या एकेका ग्रुपला न्यूजग्रुप म्हणतात. 1979 ला ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि 1980 ला ते चालू झालं, म्हणजे वेब यायच्या कितीतरी आधी. व्हॉट्सअ‍ॅपसारखं म्हणता येणार नाही, कारण याला एक मालक नाही, एक कंपनी नाही, तुम्ही लिहिलेलं तुमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर पडणार, तो ते शेजारच्या सर्व्हरला देणार, तो पुढच्याला, असं करत करत ते जगभर पोचणार. सुरुवातीच्या काळात तर कॉम्प्युटर रात्री एकमेकांना फोन लावून हे सगळं द्यायचे घ्यायचे, त्यामुळे उत्तराला एकदोन दिवस लागले तरी कुणाला काही वाटायचं नाही.

मामांचा ग्रुप बहुतेक सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी असणार. देवनागरी टाइप करायची सोय नव्हती, सगळं मराठी रोमन अक्षरांत. कुणी 'ळ' साठी कॅपिटल एल वापरायचं, कुणी साधाच एल, मग 'काळ' आहे की 'काल' हे वाक्य पूर्ण वाचूनच कळायचं. घरापासून इतक्या लांब लॅबमध्ये बसून ते वाचताना किती बरं वाटायचं हे मी आजही विसरलेलो नाही.

मीपण तेव्हा तिकडेच शिकत होतो. पहिल्यांदा पोस्ट करायला गेलो तर प्रोग्रामने आधी बजावलं, की हे हजारो मशीनवर जाणार आहे, पाठवायला नेटला शेकडो डॉलर खर्च येईल, नक्की पाठवायचंय का? मी दोनदा नाही म्हटलं, परत वाचून अर्धा मजकूर काढला आणि मगच पाठवलं. आज कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो प्रश्न असायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुमचं. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात न्यूजग्रुपचं अकाउंट जोडता येतं. सर्व्हर म्हणून इटर्नल सप्टेंबरवर नाव नोंदवा, तेही फुकट. (नावामागची गोष्ट अशी, की दर सप्टेंबरला कॉलेजची नवी मुलं यायची आणि महिनाभरात रीतभात शिकायची, पण 1993 पासून घरगुती इंटरनेटवाले लोक वर्षभर येत राहिले, सप्टेंबर संपलाच नाही.) पहिली पोस्ट मिस्क डॉट टेस्ट या ग्रुपवर टाका, तो त्यासाठीच आहे, चालू ग्रुपवर 'टेस्ट' लिहून लोकांना त्रास देऊ नका. ग्रुपचे नेहमीचे प्रश्न एका ठिकाणी लिहून ठेवलेले असतात, एफएक्यू, ते आधी बघा, आणि निदान दोन आठवडे नुसतं वाचा, कोण कसं बोलतं, कुठल्या विषयावर आधीच पन्नास वेळा भांडणं झालीयत हे कळतं. उत्तर देताना समोरच्याचं लागेल तेवढंच वाक्य ठेवा आणि त्याच्या खाली लिहा, वर नाही. पोस्टच्या शेवटी नावाची सही टाकलीत तर ती चार ओळींच्या आत.

बरेच ग्रुप आता ओस पडलेत, काहींत नुसता स्पॅम दिसेल. गूगल ग्रुप्स या गूगलच्या साइटवरून युजनेट वाचता-लिहिता यायचं, पण त्यांनीही फेब्रुवारी 2024 पासून युजनेटवर नवीन पोस्ट टाकणं बंद केलंय, जुनं मात्र तिथं अजून वाचता येतं. तेव्हा मामांना त्यांचा त्या वेळचा युनिव्हर्सिटीचा ईमेल पत्ता आठवतो का विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तर दोघं मिळून शोधा, 1994 ला त्यांनी काय लिहिलं होतं ते कदाचित अजून तिथं असेल.