दंड एकाच फटक्याचा

“सर, चार दिवस बरे जातात आणि मग सगळंच सुटतं. असलं कसलं माझं ख्रिस्ती जीवन?” ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. या वेळी ती एका मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांची, म्हणजे तिथल्या एका पुढाऱ्याची होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय पन्नाशीचं, शनिवारी सकाळी येरवड्याला गोल्फ ठरलेला.

वर्षभरात शास्त्र वाचून काढायचा तक्ता त्यांनी बायबलमध्येच घडी करून ठेवला होता. उत्पत्ती, निर्गम, सगळीकडे निळ्या पेनाच्या खुणा. लेवीयच्या अकराव्या अध्यायानंतर कोरा. (लेवीयात अडकणारे बरेच भेटतात.) काही दिवस चुकले, म्हणून रविवारी पंधरा अध्याय एका बैठकीत उरकायला बसले. झेपलं नाही. त्याच चिडचिडीत मुलावर ओरडले. “आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?” असं म्हणत महिना गेला.

मी विचारलं, “चेंडू झाडीत गेला की काय करता?”

“आडवा मारून आधी फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर आणतो. झाडांच्या फटीतून थेट ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ गाठायला गेलं की आणखी दोन फटके जातात.”

“मग ते पंधरा अध्याय?”

ते हसले. “फटीतून मारले.”

मग अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचा विषय निघाला. 1925च्या यूएस ओपन या स्पर्धेत उंच गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याने स्वतःहून दंड म्हणून एक फटका वाढवून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे निकालासाठीच्या जादा खेळात तो हरला. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक सगळेच करतात. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. चूक झाली, एक मांडला, पुढे खेळला. मंडळीचे हे वडील मात्र एका चुकीला महिनाभराचा दंड लावत होते, तोही स्वतःच ठरवून. शिवाय गोल्फमध्ये दंड आपल्याच कार्डावर राहतो. आपल्या विश्वासात तो ख्रिस्ताने वधस्तंभावर भरला आहे. आपल्याकडे उरते ती कबुली, 1 योहान 1:9 मधली.

जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगर 1985मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकल्यानंतर विश्वासात आला. 1991च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सामन्यात) सहा फुटांवरून चेंडू भोकात ढकलण्याचा त्याचा शेवटचा फटका (पट) हुकला आणि युरोपने कप गमावला. पुढच्याच आठवड्यात तो जर्मन मास्टर्स जिंकला. विश्वासामुळे जिंकला, असं मी म्हणणार नाही. पण तोंड लपवून घरी बसला नाही, हे खरं.

आम्ही ठरवलं ते साधंच: चुकलेले दिवस भरून काढायचे नाहीत. आजचा अध्याय वाचायचा, “प्रभू, काल राहिलं” एवढं सांगायचं.

मुलाचं प्रकरण मात्र देवाला सांगून मिटणार नव्हतं. स्कोअरकार्डावर आपल्यासोबत मार्करचीही (आपले फटके नोंदवणाऱ्याचीही) सही लागते, हे त्यांनीच मला सांगितलं. त्या रात्री ते मुलाच्या खोलीत गेले आणि माफी मागितली. मुलगा म्हणाला, “ठीक आहे पप्पा. जरा बाजूला व्हा ना, मॅच चालू आहे.”