बहुमाध्यम संज्ञापनाच्या रचनेत चिन्हमीमांसेचा खरोखर उपयोग होतो, की ती परीक्षेपुरतीच असते?

‘परीक्षेपुरती’ हा शब्द वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण नेमका तोच शब्द एका वरिष्ठांनी मला भर बैठकीत ऐकवला होता. चिन्हांतून अर्थ कसा उमटतो याचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा; चित्र, ध्वनी, हालचाल आणि मजकूर एकत्र वापरून काही सांगायचे, म्हणजेच बहुमाध्यम संज्ञापन करायचे, तेव्हा ती कामी येते का, हा प्रश्न आहे.

कोणती गोळी केव्हा घ्यायची हे सांगणारी दीड मिनिटाची अ‍ॅनिमेशनफीत आम्ही करत होतो. सकाळच्या गोळीसाठी डोंगरामागून वर येणारा सूर्य काढला होता. फाइल जड होते म्हणून वरिष्ठांनी त्याची हालचाल काढून टाकली आणि क्षितिजावर नुसता अर्धा सूर्य ठेवला. हालचाल गेली म्हणजे उगवतीची खूणच गेली, तेव्हा निदान कोंबड्याची बांग तरी घालू या, असे मी सुचवले. ‘रंग केशरी आहे, तेवढा पुरे,’ असे उत्तर मिळाले. मावळतीही केशरीच असते, हे कोणी ऐकून घेईना. जव्हारजवळच्या एका पाड्यावर फीत दाखवली, तेव्हा एका आजींनी पडद्यावरच्या सूर्यावर बोट ठेवून शांतपणे सांगितले, ‘ही दिवस बुडतानाची गोळी.’

चिन्हांचे प्रकार पाडणारे अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांच्या वर्गीकरणानुसार अर्धा सूर्य हे साम्यावर आधारलेले चिन्ह, आणि त्याचे साम्य उगवतीशी जितके, तितकेच मावळतीशी. बांग ही पहाटेशी प्रत्यक्ष जोडलेली खूण आहे. (कोंबडे दुपारीही आरवतात, हे मला ठाऊक आहे, पण समोर अर्धा सूर्य असताना दुपार कोणाच्या मनात येईल?) चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एकावर सोबतचा मजकूर जहाजासारखा नांगर टाकतो, म्हणजे तोच अर्थ पक्का करतो, हे फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये एका जाहिरातीच्या आधारे दाखवले. पडद्यावर तेच काम ध्वनी आणि हालचालही करतात. म्हणून एकेक माध्यम काढून पाहावे आणि उरलेल्याचा अर्थ किती फाकतो ते तपासावे. माझ्या लेखी या विषयाचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे. सुरुवात स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरपासून करू नका; त्याची मांडणी मुळात भाषेसाठी आहे, आणि विद्यार्थी चिन्हक-चिन्हितातच (चिन्हाचे रूप आणि त्यातून सुचणारी कल्पना यांतच) अडकून पडतात.

एक मात्र कबूल केले पाहिजे. रात्रीच्या गोळीसाठी काढलेली चंद्रकोर पाहून लोकांना ईद किंवा बीज आठवेल, असे मी पर्सच्याच आधारे ठासून सांगितले होते, आणि पाड्यावर एकालाही तसे वाटले नाही. अर्थ कुठे निसटू शकतो एवढेच शास्त्र दाखवते. तो निसटतो की नाही, हे बघणाऱ्यालाच विचारावे लागते.

दुसऱ्या आवृत्तीत बांग आली. तिच्यामुळे फाइल किती जड झाली, हे त्या वरिष्ठांनी मला अजून सांगितलेले नाही.