संचालक मंडळाची देखरेख आणि अंतर्गत नियंत्रण चांगलं असेल तर कंपनीचा नफा खरंच वाढतो का?

आधी भंगाराच्या गाडीचं सांगतो.

भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी सहा वर्षं इंटर्नल ऑडिटला होतो. सीएनसी मशीनवर निघणारी बर, म्हणजे धातूचं भंगार, नेणारी गाडी ठरलेली, ड्रायव्हर ठरलेला. वजनकाट्याच्या पावत्या तारखेनं लावल्या तेव्हा दिसलं की त्याच गाडीचं रिकामं वजन कधी ३,९४० किलो, कधी ४,३१०. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकामीचं वजा केलं की मालाचं वजन निघतं, म्हणून रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवलं की तेवढा माल फुकट जातो. महिन्याला बारा फेऱ्या, फेरीला तीन-साडेतीनशे किलो. वर्षाचे चौदाएक लाख गेले.

चोरीपेक्षा पुढचं जास्त लागलं. मी मुद्दा 'गंभीर' म्हणून लिहिला होता. फायनान्सच्या साहेबांनी तो 'किरकोळ' करायला लावला आणि संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीकडे गेलेल्या सारांशातून तो गळालाच. वर म्हणाले, "नफा वीस टक्क्यांनी वाढलाय. कंट्रोलनं धंदा होत नाही." माझी पगारवाढ त्यांच्याच सहीनं व्हायची. मी गप्प बसलो, ते आजही खुपतं.

तेव्हा न दिलेलं उत्तर आता देतो. नफा सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचाही दिसत होता. बोर्डावर नावाजलेले स्वतंत्र (कंपनीशी हितसंबंध नसलेले) संचालक होते, २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की ताळेबंदातले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी नाहीतच. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेत स्विफ्ट (बँकांमधल्या संदेशांची यंत्रणा) कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीला, जोडलेलं नव्हतं, म्हणून नीरव मोदी प्रकरणातली हमीपत्रं वर्षानुवर्षं बँकेच्या हिशेबात दिसलीच नाहीत. नफ्याच्या आकड्यावरून आतलं कळत नाही.

तेव्हा स्वतंत्र संचालक किती, हे मोजत बसू नका. इंटर्नल ऑडिटरची पगारवाढ कोण ठरवतं ते विचारा. सीएफओ, म्हणजे फायनान्सचा प्रमुख, ठरवत असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यातलं इंटर्नल ऑडिटचं कलम १३८ कागदावरच राहतं. ऑडिट कमिटी त्याला मॅनेजमेंटला बाहेर ठेवून भेटते का, तेही विचारा. आमच्या कमिटीतले तिघं सहा वर्षांत मला एकदाही तसे भेटले नाहीत.

आता नफ्याचं. नियंत्रणानं विक्री वाढत नाही. गळती थांबते, आणि वाईट वर्षात निदान आकडे खरे असतात. मात्र हातात पैसा असलेल्या कंपनीलाच चांगला ऑडिट विभाग परवडतो, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसले तरी कशामुळे काय झालं ते सांगणं अवघड. चाळीस माणसांच्या वर्कशॉपला तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथं रिकामी गाडी काट्यावर चढताना मालकानं स्वतः उभं राहावं, आणि त्या गाडीच्या आधीच्या पावत्या हातात ठेवाव्यात.