अर्धा आणि पाव मिळून पाऊण, मग वहीत २/६ कसे?

पाचवीतल्या मुलीची आई चाचणीचा पेपर घेऊन आली होती. १/२ + १/४ = २/६. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. क्लासमध्ये तिरका गुणाकार घोटून घेतला होता, तरी पुन्हा तेच. "मॅडम, हिला लर्निंग डिसॅबिलिटी तर नाही ना?" अपूर्णांक सुरू झाले की ही धास्ती घेऊन बरेच पालक येतात.

वही मिटायला सांगून मी मुलीला विचारलं, "अर्धा लिटर दुधात पाव लिटर ओतलं, तर किती?"

"पाऊण." क्षणाचाही विलंब नाही.

मग सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या दिल्या. एकीचे सहा भाग करून दोन रंगवले, दुसरी अर्धी रंगवली. शेजारी ठेवल्यावर तीच म्हणाली, "हे तर अर्ध्याहून कमी! मिळवल्यावर कमी कसं होईल?" चूक तिची तिलाच खटकली, याचा मला फार आनंद झाला.

पुढे १/२ + १/३. कागदाला मधोमध उभी घडी, मग आडवे तीन सारखे भाग. उलगडल्यावर सहा घरं. अर्ध्यात तीन, तिसऱ्या हिश्श्यात दोन. "पाच छेद सहा!" समच्छेद कशासाठी, हेही तिनेच सांगितलं: "घरं सारखी नसली तर मोजणार कशी?"

आईला मी सांगितलं, ही चूक जगभरची मुलं करतात. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर १, २, १९, २१ यांतून निवडायचं होतं. दोन्ही अपूर्णांक एकाच्या जवळ, म्हणजे उत्तर २. ते १३ वर्षांच्या जेमतेम २४ टक्के मुलांनी निवडलं. निम्म्याहून अधिकांनी १९ किंवा २१. अपूर्णांक म्हणजे एकच संख्या, हे मनात बसलं नाही की वरचे आणि खालचे आकडे सुटे दिसतात. लहानमोठ्या संख्या ओळखणं, सुट्टे पैसे, घड्याळ यांतही मूल नीट शिकवूनसुद्धा दीर्घकाळ अडत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करावी. हिच्यात तसं काही दिसलं नाही.

तिरका गुणाकार सध्या बंद ठेवायला सांगितला. रोज दोनच गणितं. आधी अंदाज, उत्तर अर्ध्याहून मोठं की लहान, एकाच्या पुढे जाईल का. मग घडी, शेवटी आकडे.

"पण परीक्षेत घड्या घालायला वेळ कुठे?" आईची शंका रास्त होती. घड्या काही कायमच्या नाहीत. सहा घरं का पाडली हे कळलं, की २ आणि ३ चा लसावि काढताना आपण काय करतोय, हे तिला कळेल.