जळगाव एमआयडीसीतून जर्मनी: व्हीएमसीवाल्या भावाला उत्तर

भाऊ, तू विचारलंस की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, ४ वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, एजंट साडेतीन लाख मागतोय, तर जर्मनीला येऊ का. ये, पण एजंटला एक रुपया देऊ नको, त्या पैशात जर्मन शीक. २०२४ च्या जूनपासून चान्सेनकार्ट नावाचा व्हिसा निघालाय, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ वर (या भाषेच्या पातळ्या, ए१ सगळ्यात खालची) अर्ज होतो, शिक्षण, अनुभव, वय यांचे पॉइंट जुळले की इथं येऊन वर्षभर काम शोधता येतं. पण वर्कशॉपमध्ये ए१ वर काही होत नाही बरं का, फोरमन काय बोलतो ते कळायला बी१ तरी पाहिजे, अन् आमच्याकडं श्टुटगार्टच्या बाजूला तर बोलीच वेगळी, बी१ वाल्यालाही पहिले सहा महिने कळत नाही, जसं पुणेवाल्याला आपली अहिराणी. डिप्लोमाला इथं डिग्री धरत नाहीत, इंजिनिअर म्हणून नाही, कारागीर म्हणून येशील, त्यात लाज वाटून घेऊ नको.

आता खरं सांगतो. मशीनचं टेन्शन घेऊ नको, फानुकच्या कंट्रोलवरून हायडेनहाइनच्या कंट्रोलवर महिनाभरात हात बसतो. फरक मोजण्यात आहे. मी जळगावला एका वर्कशॉपात होतो, नाव कशाला घ्यायचं. मे महिना, शेडमध्ये ४५ डिग्री, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचं १०० एमएमचं बोअर (गोल भोक), एच७, म्हणजे माप १०० च्या वर शून्य ते प्लस ३५ मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग) चालतं. माझं बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, प्लस १५, प्लस १८ दाखवायचं, मी खुश. माल पुण्याला गेला अन् अख्खा लॉट परत, बोअर मायनसमध्ये, म्हणजे १०० पेक्षा लहान. मालकाने पगार कापला, मी म्हटलं पुण्याचा क्वालिटीवाला खोटारडा.

इथं आल्यावर मोजणीच्या खोलीत जॉब नेला तर तिथला मोजणीवाला म्हातारा म्हणे ठेव तिथं, दोन तासांनी ये. ड्रॉइंगवरचं माप २० डिग्रीचं असतं हे डिप्लोमाला शिकलो होतो, पाठ केलं अन् विसरलो. १०० एमएमला ॲल्युमिनियम दर डिग्रीला साधारण २.३ मायक्रॉन वाढतं, स्टील त्याच्या निम्मं. म्हणजे ४५ अन् २० मधल्या २५ डिग्रीच्या फरकाने जॉब ५७ ने फुगलेला अन् गेज ज्यावर शून्याला लावायचो ती माझी स्टीलची सेटिंग रिंग फक्त २९ ने, मधले २८ मायक्रॉन गेज खोटं बोलत होतं. तो पुण्याचा माणूस बरोबर होता.

वाचायचं म्हणशील तर टाबेलेनबुख मेटाल घे, थ्रेड, फिट, कटिंग स्पीड सगळं एकात, इथली शिकाऊ पोरं तेच घेऊन फिरतात, अन् तक्त्यांचं पुस्तक असल्याने जर्मन कच्चं असलं तरी चालतं. आपलं पीएसजीचं डेटाबुक माळ्यावर टाकलं असेल तर तेही खाली काढ.



उद्या शिफ्टला एक कर, ॲल्युमिनियमचा एक जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मोज, मग रात्रभर ऑफिसच्या एसीत रिंगसोबत ठेवून सकाळी मोज. दोन्ही आकडे पाठव, मग तुझ्या सीव्हीचं बघू.