काझी अल-नुमान यांचा अभ्यास आणि न्यायाधीशाची परीक्षा

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मुंबईत विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे. तिने पुढे दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा द्यावी अशी आपली इच्छा आहे. ती मात्र दहाव्या शतकातील काझी अल-नुमान या फातिमी (उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या, शियांच्या इस्माइली पंथाच्या खलिफा घराण्याच्या) न्यायशास्त्रज्ञांवर संशोधन करायचे म्हणते. यातून पोट कसे भरणार, आणि घरात कोणाला अरबीचे अक्षर येत नसताना हे तिच्या मनात आले कोठून, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुंबईत कायदा शिकणाऱ्या मुलीला अल-नुमान भेटावेत यात नवल नाही. मुस्लिम कायद्यावर आजही ज्यांचे पुस्तक न्यायालयांत आधारासाठी काढले जाते ते असफ अली असगर फैजी माथेरानला जन्मले आणि १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अल-नुमान यांचा ‘दआइम अल-इस्लाम’ हा मुख्य ग्रंथ इजिप्तमधून येमेनमार्गे गुजरातेत आला आणि त्याच इस्माइली पंथाच्या बोहरा कुटुंबांच्या हस्तलिखित संग्रहांत शतकानुशतके जपला गेला. फैजी स्वतः बोहरांच्या सुलेमानी शाखेतल्या घराण्यातले. त्यांनी १९३३ मध्ये या ग्रंथातील मृत्युपत्रांचे प्रकरण भाषांतरासह छापले, पुढे अनेक प्रती ताडून संपूर्ण अरबी संहिता कैरोहून १९५१ आणि १९६० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली, आणि आपला हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाला दिला. ज्या शहरात ती राहते तेथेच या विषयाची मूळ सामग्री आहे, ही फार मोठी सोय आहे.

आता स्वतः अल-नुमान यांच्याविषयी थोडे लिहितो, कारण ‘जुन्या काळचा कोणी धर्मपंडित’ अशी त्यांची कल्पना आपल्या पत्रातून जाणवली. ते आजच्या ट्युनिशियातील कैरवानचे. साधारण ९२५ मध्ये ते पहिल्या फातिमी खलिफांच्या सेवेत आले आणि चार खलिफांच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. त्रिपोलीत त्यांनी काझी म्हणून काम केले, पुढे ते राज्याचे मुख्य काझी झाले आणि ९७४ मध्ये, फातिमी राजधानी नव्याने वसलेल्या कैरोत आल्यावर वर्षभरातच, वारले. आपल्या कन्येने न्यायासनावर बसावे असे आपल्याला वाटते. अल-नुमान तर आयुष्याचा मोठा काळ त्याच आसनावर होते. खलिफा अल-मुइझ यांनी ९५४ मध्ये दिलेले नेमणूकपत्र त्यांनी आपल्या एका ग्रंथात उतरवून ठेवले आहे. निवाडा कशाच्या आधारे करायचा याचा क्रम त्यात आहे: आधी कुराण, मग प्रेषितांची सुन्ना म्हणजे त्यांचे आचरण, मग इमामांची, म्हणजे प्रेषितांच्या वंशातील धर्मप्रमुखांची, शिकवण (फातिमी खलिफा स्वतःला इमामच मानत), आणि तरीही शंका उरली तर खलिफांकडे विचारणा. त्याच ग्रंथात अन्य पंथांच्या शास्त्रज्ञांनी मान्य केलेले कियास म्हणजे साधर्म्यावरून केलेले अनुमान, आणि इज्मा म्हणजे विद्वानांचे एकमत, या दोन्ही आधारांचे त्यांनी चिकाटीने खंडन केले आहे. न्यायाधीशाला स्वतःच्या बुद्धीने कायदा किती पुढे नेता येतो, हा वाद ज्या मुलीने घटनात्मक कायद्याच्या तासाला ऐकला असेल तिला हा ग्रंथ परका वाटणार नाही. अर्थात अल-नुमान यांचे उत्तर राजसत्तेला सोयीचे होते, हेही तिने वाचताना विसरू नये.

‘दआइम’चा पहिला खंड उपासनेचा, दुसरा व्यवहाराचा. दुसऱ्यात खरेदी-विक्रीपासून विवाह, घटस्फोट, मृत्युपत्र, वारसा आणि काझीच्या वर्तनापर्यंत विषय येतात. शिया असूनही अल-नुमान मुदतीचा विवाह, म्हणजे मुता, निषिद्ध ठरवतात. इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या, शियांच्या कायद्यात तो चालतो. एकाच इमाम जाफर अल-सादिक यांना मानणाऱ्या दोन परंपरा येथे वेगळ्या का होतात, एवढा एक प्रश्नही पीएच.डी.ला पुरेल.

घरचा धर्म वेगळा आहे याची चिंता करू नये. इस्माइली साहित्याची पहिली मोठी सूची करणारे व्लादिमीर इवानोव रशियन होते आणि त्यांचे बरेचसे काम मुंबईत राहून झाले. अडचण आहे ती भाषेची, आणि ती खरी आहे. ‘दआइम’चे इंग्रजी भाषांतर इस्माइल पूनावाला यांनी सुधारून २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत आणले, तरी केवळ भाषांतरावर उभे राहिलेले संशोधन कोणतेही चांगले विद्यापीठ स्वीकारणार नाही. अभिजात अरबीचे व्याकरण अंगवळणी पडायला रोजच्या अभ्यासाची दोन-तीन वर्षे लागतात. हे कष्ट तिला झेपतात का आणि आवडतात का, यावरच माझ्या मते सारा निर्णय अवलंबून आहे. तो आज चर्चा करून लागणार नाही.

सुदैवाने वेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, त्यामुळे पदवी मिळताच परीक्षेला बसण्याचा मार्ग तसाही बंद झाला आहे. तिने पदवी पूर्ण करावी, सनद घ्यावी, कौटुंबिक आणि वारसा प्रकरणे चालवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे काम सुरू करावे आणि अरबीचे वर्ग मात्र आत्तापासूनच लावावेत. ही तीन वर्षे आपल्या इच्छेच्याही कामाची आहेत आणि तिच्याही.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट सांगतो: अल-नुमान यांच्या नावाने नोकरीची जाहिरात निघत नाही. नोकरी मिळेल ती विधी महाविद्यालयात व्यक्तिगत कायदा किंवा विधी-इतिहास शिकवण्याची, किंवा अरबी आणि इस्लामी अध्ययनाच्या विभागात. विधी महाविद्यालयासाठी एल.एल.एम., म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा हवी. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात. परदेशी जायचे झाल्यास लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ इस्माइली स्टडीज या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. जागा सगळीकडे थोड्या आहेत, पण कायद्याची पदवी आणि अरबी दोन्ही येणारे उमेदवारही थोडेच असतात.

फैजींनी छापलेले मृत्युपत्रांचे प्रकरण तिने प्रथम भाषांतरातून वाचावे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय संपत्तीच्या एकतृतीयांशाहून अधिकाचे मृत्युपत्र का चालत नाही, हे तिला अभ्यासक्रमातून ठाऊक असेलच. वर्षभराने शब्दकोश हाताशी घेऊन त्यातले एखादे अरबी पान तिला स्वतः लावता आले, तर मला पुन्हा लिहावे. तेव्हा अर्ज कोठे करायचे, शिफारसपत्रे कोणाकडून घ्यायची आणि विषय किती आटोपशीर ठेवायचा, हे सविस्तर कळवीन.